चौदा हजारांतल्या बारा जणी

हिंगोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अगदी अलीकडचं आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकत्र उद्घाटन झालं, त्यांपैकी हे एक. शंभर जागांच्या या महाविद्यालयातली पहिली तुकडी शरीररचनाशास्त्राची पुस्तकं उघडून बसते न बसते, तोच कर्करोगाचा एक मोठा धडा तिच्या दारात येऊन उभा राहिला. ८ मार्च २०२५ रोजी, जागतिक महिला दिनी, जिल्ह्यात ‘संजीवनी’ मोहीम सुरू झाली. स्त्रियांना प्रश्नावलीतून कर्करोगाच्या लक्षणांबद्दल विचारायचं आणि जिच्या उत्तरांवरून संशय येईल तिची पुढची तपासणी करायची, असं तिचं स्वरूप होतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये सार्वजनिक आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधिमंडळात या मोहिमेचे आकडे मांडले. २,९२,९९६ स्त्रियांनी प्रश्नावलीला उत्तरं दिली होती. त्यांतल्या १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणं आढळली. त्यांच्या तपासणीतून तोवर तिघींना गर्भाशयमुखाचा, एकीला स्तनाचा आणि आठ जणींना तोंडाचा कर्करोग असल्याचं निश्चित झालं होतं. म्हणजे एकूण बारा जणी.

बातम्यांच्या मथळ्यात आला तो मधला आकडा. घाईत वाचलं तर हिंगोलीत चौदा हजार बायकांना कर्करोग झाला, असंच कुणालाही वाटावं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातला मुलगा किंवा जीएनएम या परिचर्येच्या अभ्यासक्रमाला नुकताच प्रवेश घेतलेली मुलगी सुट्टीत गावी गेली की शेजारीपाजारी विचारणार ते नेमकं याच आकड्याबद्दल. म्हणून कर्करोगाच्या जागृतीची सुरुवात या तीन आकड्यांपासून करणं मला सर्वांत योग्य वाटतं. लक्षण, संशय आणि निदान या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. आरोग्यशास्त्र शिकू लागलेल्या प्रत्येकाने पेशीविभाजनाच्या आकृत्या काढण्याआधी या पायऱ्या नीट ओळखायला हव्यात.

शंभरात पाच, हजारात एकही नाही

साधं गणित करून पाहा. सुमारे २ लाख ९३ हजार स्त्रियांपैकी साडेचौदा हजार, म्हणजे शंभरातल्या पाच जणींमध्ये काहीतरी लक्षण सापडलं. त्या साडेचौदा हजारांतून निदान झालं बारा जणींचं, म्हणजे हजारामागे एकीचंही नाही. पुढच्या तपासण्यांत हा आकडा वाढू शकतो, पण तो कितीही वाढला तरी चौदा हजारांच्या जवळपास फिरकणार नाही.

यावरून प्रश्नावली चुकली असा अर्थ काढू नये. पहिल्या पायरीचं कामच जाळं मोठं ठेवण्याचं असतं. आशाताई घरी येऊन भरतात त्या फॉर्ममधले प्रश्न पाहा: तोंडात दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम आहे का? तोंड उघडायला त्रास होतो का? आवाजात बदल झालाय का? स्तनात गाठ लागते का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का? दोन पाळ्यांच्या मधे, पाळी कायमची गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जातं का? अंगावरून घाण वासाचं पाणी जातं का? यांतलं प्रत्येक लक्षण कर्करोगात दिसू शकतं, आणि यांतलं प्रत्येक लक्षण बहुतेक वेळा दुसऱ्याच कशामुळे असतं. अंगावरून पांढरं जाण्यामागे बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. विशी-पंचविशीतल्या मुलीच्या स्तनातली, बोटांखालून सटकणारी गाठ बहुतेक वेळा साधी असते. गालाच्या आतली जखम तुटक्या दाताच्या टोकामुळेही होते.

मग एवढ्या बायकांना विचारायचं तरी कशाला? कारण त्या बारा जणी याच गर्दीत होत्या. तोंडातली जखम दुखत नाही म्हणून एखादी बाई वर्षभर तिच्याकडे दुर्लक्ष करते, आणि ती दुखायला लागते तेव्हा गाठ मानेत उतरलेली असते. प्रश्न विचारणारं माणूस तिच्या उंबऱ्यापर्यंत गेलं नसतं, तर ती स्वतःहून दवाखान्यात आली नसती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या पाचव्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. स्तनांच्या आणि तोंडाच्या तपासणीचं प्रमाण तर एक टक्क्याच्याही आत होतं. या पार्श्वभूमीवर एका जिल्ह्याने जवळपास तीन लाख स्त्रियांना विचारलं, ही मोठीच गोष्ट आहे.

भीती पसरली की काय होतं

पायऱ्यांमधला फरक कळला नाही तर काय होतं, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन पाहिलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये ऐरणीवर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या माहितीनुसार पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या कितीतरी जणी ऐन तरुण वयाच्या होत्या. कारणं अनेक होती. पाळीच्या दिवसांत काम बुडतं, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडावर पाण्याची-आडोशाची सोय नसते. त्यात आणखी एक कारण स्त्रियांच्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा पुढे आलं: ‘पिशवी खराब झालीये, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

कर्करोगाचं नाव त्या बायकांनी ऐकलेलं होतं, त्याची धास्तीही त्यांना होती. एका अर्थी त्या ‘जागृत’च होत्या. पण अंगावरून पांढरं जाणं आणि कर्करोग यांच्या मधे साधी तपासणी असते, गर्भाशयमुखाची पाहणी असते, गरज पडली तर तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघणं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अर्धवट माहितीने पसरलेली भीती कुणाच्या तरी धंद्याच्या कामी येते. म्हणून गावात कर्करोगाबद्दल बोलायला उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याने लक्षणं सांगून थांबू नये. लक्षण दिसलं तर पुढे कुठे जायचं आणि तिथे काय तपासतात, हेही त्याच दमात सांगावं.

लक्षण नसलेल्या बाईची तपासणी

आता याची दुसरी बाजू. प्रश्नावलीला ‘नाही, नाही, नाही’ अशी उत्तरं देणारी बाई निर्धास्त राहू शकते का? तोंडाच्या आणि स्तनाच्या बाबतीत नाही, आणि गर्भाशयमुखाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे जवळजवळ नेहमीच ह्यूमन पॅपिलोमा विषाणू असतो. हा संबंध दाखवून देणाऱ्या हॅराल्ड त्सूर हाउझन या जर्मन शास्त्रज्ञांना २००८चं नोबेल पारितोषिक मिळालं. विषाणूचा संसर्ग बहुतेकींमध्ये आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्या पेशींमध्ये हळूहळू बदल होत जातात आणि कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. या सगळ्या काळात बाईला काहीही होत नसतं. रक्त जात नाही, दुखत नाही. याच काळात तो बदल सापडला तर छोट्याशा उपचाराने तो तिथेच संपवता येतो. लक्षणं विचारून हा काळ पकडता येत नाही, त्यासाठी धडधाकट बाईलाच तपासावं लागतं.

ही गोष्ट जगाला ज्या ठिकाणाने पटवून दिली, ते ठिकाणही मराठवाड्याच्या वेशीवरच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने १९८७मध्ये ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी सुरू केली, ग्रामीण भारतातली ती पहिली. पुढे याच रुग्णालयाने मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासोबत तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे गावांच्या समूहांनुसार चार गट पाडले. एका गटाची एकदाच विषाणूसाठी चाचणी केली, दुसऱ्यात पेशी तपासल्या, तिसऱ्यात व्हिनेगरची तपासणी केली आणि चौथ्या गटात नेहमीची आरोग्यसेवा तेवढी चालू ठेवली. निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या, विषाणूची चाचणी झालेल्या गटात ३४. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या चाचणीने मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे टीकाही झाली, आणि विद्यार्थ्यांनी हा अभ्यास वाचताना ती टीकाही वाचावी. आज जगभरात विषाणूच्या चाचणीची शिफारस होते, तिच्यामागे धाराशिवच्या या बायकांचं योगदान आहे.

व्हिनेगरची तपासणी मात्र उपकेंद्रावरही होऊ शकते, म्हणून ती जवळून पाहू. बाईला टेबलावर झोपवून, तिला काय करणार ते आधी सांगून, योनिमार्गात स्पेक्युलम बसवतात. चांगला उजेड पाडला की गर्भाशयाचं गुलाबी, गोलसर मुख दिसतं. ३ ते ५ टक्के अॅसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर हलकेच टेकवतात आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबतात. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बदल झालेल्या पेशींमध्ये प्रथिनं जास्त असतात, आम्लाने ती साकळतात आणि तेवढा भाग पांढरट, कडा उठून दिसणारा होतो. तपासणारीला तो साध्या डोळ्यांनी दिसतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांवर १९९८पासून केलेल्या अभ्यासात ही तपासणी डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली. तीही एकदाच नाही, काही वर्षांत पुन्हा पुन्हा केली, आणि तिथे या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. एएनएमच्या विद्यार्थिनींनी हा अभ्यास जरूर लक्षात ठेवावा. त्यांच्यासारख्या हातांनीच तो निकाल मिळवला आहे.

पांढरा डाग दिसला, म्हणजे कर्करोग झाला असंही नाही. पुन्हा तीच पायरी: संशय. निदान बायोप्सीनेच, म्हणजे तुकडा काढून तपासल्यावरच होतं.

बारांपैकी आठ तोंडाचे

हिंगोलीच्या बारा निदानांतली आठ तोंडाची होती आणि त्या सगळ्या स्त्रिया होत्या. तंबाखू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पारावर बसून चुना मळणारा पुरुष येतो. पण मिसरी लावणाऱ्या बायका आपल्या घराघरांत आहेत. तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि सकाळी दातांना-हिरड्यांना चोळायची. पुढे ती दिवसातून तीन-चार वेळा लागते. मिसरीला व्यसन कुणी म्हणत नाही, ते दात घासणं समजलं जातं. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा धूररहित तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी सुपारी आणि तंबाखूचं मिश्रण सुटलेलं नाही. तंबाखू न घालता खाल्लेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वीस वर्षांपूर्वीच स्पष्ट केलंय.

म्हणून ‘तंबाखू खाता का?’ एवढं विचारलं तर बाई खुशाल ‘नाही’ म्हणते. तिला ‘मावशी, दात कशाने घासता?’ असं विचारावं.

तोंड तपासायला कोणतंही यंत्र लागत नाही. चूळ भरायला सांगा, कवळी असेल तर काढायला सांगा, बॅटरीचा उजेड धरा. ओठ उलटून आतली बाजू पाहा. खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधली खाच नीट पाहा, तंबाखूचा बार तिथेच ठेवलेला असतो. मग दोन्ही गालांची आतली बाजू, टाळू, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा आणि शेवटी जीभ वर उचलून तिच्याखालची जागा. गॉजने पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांहून जुनी जखम, यांतलं काहीही दिसलं की पुढे पाठवा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. शेवटी तिची तीन बोटं उभी धरून तिच्याच दातांमध्ये घालायला सांगा. तीन बोटं जात नसतील, गालाच्या आत दोऱ्यांसारखे कडक पट्टे हाताला लागत असतील, तर सुपारीने तोंड आतून आवळत चाललंय. ही अवस्था कर्करोगाच्या आधीची असते.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी ही तीन बोटांची तपासणी आधी स्वतःवर करावी. कित्येकांची पुडी अकरावी-बारावीतच सुरू झालेली असते.

हळदीच्या जिल्ह्यातले प्रश्न

हिंगोली आणि वसमत म्हणजे हळदीचा मुलूख. इथल्या विद्यार्थ्याला एक प्रश्न हमखास येणार: ‘हळद खाल्ली की कॅन्सर होत नाही म्हणतात, खरं का?’ हळदीतल्या कुरकुमिनवर जगभर संशोधन चालू आहे आणि प्रयोगशाळेत पेशींवर त्याचे परिणाम दिसलेही आहेत. पण पोटात गेलेलं कुरकुमिन रक्तात फारच थोडं उतरतं, आणि हळदीने कर्करोग टळतो किंवा बरा होतो, असं माणसांमध्ये सिद्ध झालेलं नाही. भाजीत हळद जरूर घालावी. स्तनातल्या गाठीवर हळदीचा लेप लावून महिने घालवू नयेत.

दुसरा प्रश्न बायोप्सीचा. ‘सुई टोचली की गाठ पसरते’ ही समजूत कित्येक बायकांना तपासणीच्या टेबलावरून परत घरी घेऊन जाते. बायोप्सीमुळे कर्करोग पसरण्याची शक्यता अगदीच नगण्य आहे आणि तिच्याशिवाय योग्य उपचार ठरवताच येत नाहीत. बायोप्सीनंतर काही आठवड्यांनी आजार बळावलेला दिसतो, कारण रुग्ण आलेलाच उशिरा असतो. तिसरी समजूत संसर्गाची. कर्करोग झालेल्या सासूचं ताट वेगळं ठेवणारी घरं आजही आहेत. कर्करोग जेवणातून, कपड्यांतून, सेवा करताना लागत नाही. पॅपिलोमा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरं, पण तो इतका सर्रास आहे की आयुष्यात कधीतरी तो बहुतेकांना होऊन जातो. त्यावरून कुणाच्या चारित्र्याबद्दल बोलण्याचा अधिकार कुणालाच नाही. हे वाक्य विद्यार्थ्याने घरच्यांसमोर ठामपणे म्हणायला हवं.

या विषाणूविरुद्ध लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लशीला २०२२मध्ये मंजुरी मिळाली, ती ९ ते २६ वयाच्या मुला-मुलींसाठी. पहिल्या वर्षाचे बहुतेक विद्यार्थी स्वतःच या वयात आहेत, तेव्हा ही माहिती त्यांनी आधी स्वतःसाठी वापरावी. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावीच लागते, कारण कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचे सगळे प्रकार लशीत येत नाहीत.

दत्तक घेतलेलं घर

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायनशास्त्र शिकवतात. कर्करोग नीट भेटतो तो दुसऱ्या वर्षी, विकृतिशास्त्रात. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२पासून कुटुंब दत्तक उपक्रम सुरू केला आहे आणि त्यात विद्यार्थी पहिल्याच वर्षी गावात जाऊन काही कुटुंबांची जबाबदारी घेतो. पुस्तकातलं प्रकरण येण्याआधी रुग्ण समोर येतो. म्हणूनच ही जागृती पहिल्या महिन्यांतच हवी.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने चाळिशीच्या बाईला पाळीबद्दल विचारणं अवघड आहे, आणि ते त्याने एकट्याने करूही नये. आशाताईंना सोबत घ्यावं, त्या कशा विचारतात ते ऐकावं. सासू आणि नवरा खोलीत असताना ‘रक्त जातं का’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. बाईला हंड्यापाशी, गोठ्यात, कुठेतरी बाजूला गाठून विचारणं, हे आशाताईंचं कौशल्य आहे आणि ते कोणत्याही व्याख्यानात शिकता येत नाही.

खरी परीक्षा मात्र यानंतर सुरू होते. पुढच्या तपासणीची चिठ्ठी हातात मिळालेली बाई जिल्हा रुग्णालयात पोचते का? संजीवनी सुरू झाली त्या मार्चमध्ये हळद काढणं, शिजवणं, वाळवणं ऐन भरात असतं. रोज बुडवून, एसटीने, सोबतीला कुणाला तरी घेऊन, दिवसभर रांगेत थांबायचं, तेही काही दुखत नसताना! निदान झालं तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय दोनशे किलोमीटरहून दूर, आणि रेडिएशन आठवडेच्या आठवडे चालतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, पण त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतात आणि रुग्णालयात आरोग्यमित्राला कुठे भेटायचं, हे सांगणारं माणूस घरात नसतं.

हे सांगणं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमू शकतं. त्याला गाठ ओळखता येणार नाही, औषध लिहिता येणार नाही. पण आपल्या पाच कुटुंबांत तिशी ओलांडलेल्या स्त्रिया किती, त्यांतल्या कितींचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासलं गेलं, चिठ्ठी मिळालेली कोण घरीच राहिली आणि का राहिली, एवढी वही तो नक्की ठेवू शकतो. जिचा अहवाल चांगला आला तिला ‘मावशी, काही नाही निघालं, पण पुन्हा तपासणीची तारीख ही’ असं घरी जाऊन सांगू शकतो. चौदा हजार जणींपैकी बहुतेकींना हेच वाक्य ऐकायचं असतं, आणि ते न ऐकताच त्या घोर घेऊन राहतात. जिचा अहवाल वाईट आला तिच्यासोबत तो जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीपर्यंत चालत जाऊ शकतो. शंभर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पाच घरं अशी सांभाळली तर पाचशे घरांत प्रश्नावलीपासून उपचारापर्यंतची एकही पायरी निसटणार नाही. हिंगोलीतून पुढे बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांचं शिक्षण इथूनच सुरू व्हावं, असं मला मनापासून वाटतं.